सही नसलेली लाट

बँकेतल्या कारकुनाने चित्रकलेवर लिहू नये, असा रिझर्व्ह बँकेचा काही नियम नाही. असता, तर आमच्या शाखेत तो सगळ्यांत आधी मला वाचून दाखवला गेला असता. तेव्हा लिहायला हरकत नसावी. शिवाय मी बी. कॉम. आहे (वर्ग विचारू नये). चित्र कळायला जी काय दृष्टी लागते ती आमच्याकडे नाही, हे मान्य. पण कागदावर काय आहे आणि काय असायला हवे होते, हे पाहायची जी खोड बावीस वर्षे काउंटरमागे बसून लागली आहे, ती थोडीफार चित्रालाही चालते असा मला नुकताच अनुभव आला. तोही स्वतःहून नव्हे. आईमुळे.

सुरुवात भिंतीपासून झाली. कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजदराने घेतलेल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर नऊ फूट लांबीची कोरी भिंत निघाली. भाड्याच्या जुन्या घरात असला प्रश्न कधी आला नाही. तिथे भिंत दिसतच नसे. भिंतीला कपाट, कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या. जी काय वीतभर उरे तिच्यावर वडिलांच्या वेळेपासूनची राजा रविवर्म्याची लक्ष्मी, छताला टेकून आणि दोरीवर जराशी पुढे झुकून उभी. ती बहुधा आमची शिल्लक बघायला वाकलेली असावी. नव्या घरात लक्ष्मी देवघरात गेली आणि भिंत मोकळी राहिली.

सौ. म्हणाली, "अहो, हॉलला जरा जपानी टच देऊ या."

"म्हणजे बसायला चटया?"

"म्हणजे चित्रं. सगळ्यांकडे एकतर बुद्धाचं डोकं आहे, नाहीतर सात घोडे. आपल्याकडे वेगळं काहीतरी हवं."

चार दिवसांनी वेगळे काहीतरी घरपोच आले. तीन कॅनव्हास, प्रत्येकी दोन फूट रुंद, तीन फूट उंच, काळ्या फ्रेमा. तिन्ही मिळून एक सेट, तीस टक्के सूट वजा जाता. पहिल्यात होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट. दुसऱ्यात हिरोशिगेचा लाकडी पूल, त्यावर कोसळणारा पाऊस आणि पुलावरून डोकी झाकत पळणारी माणसे. तिसऱ्यात उतामारोची एक बाई. मान किंचित वळवलेली, केसांत फण्या आणि काटे खोचलेले, आणि चेहऱ्यावर, लंच टाइम संपायला पाच मिनिटे असताना आलेल्या गिऱ्हाइकाकडे आम्ही जसे बघतो, तो भाव.

ड्रिल मशीनवाला आला, सहा भोके पाडून गेला, त्यांतली चार योग्य जागी होती. चित्रे लागली. मग समीक्षा सुरू झाली.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त गृहस्थ दारातूनच म्हणाले, "हॉलमध्ये त्सुनामी लावलीत?" (ती त्सुनामी नाही, वादळातली मोठी लाट आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बुडणाऱ्याला काय फरक पडतो?") खालच्या मजल्यावरचे वास्तुशास्त्रवाले होकायंत्र घेऊनच वर आले. म्हणाले, "बुडत्या होडीचं चित्र घरात? आणि पाण्याचा ओघ दाराकडे! पैसा असाच वाहून जाईल." मी त्यांना नम्रपणे सांगितले, की आमचा पैसा दर महिन्याच्या पाच तारखेला वाहून जातो, त्याला लाट लागत नाही, हप्त्याची स्थायी सूचना पुरते. मेहुणा म्हणाला, "आमच्याकडे याचाच उशीचा अभ्रा आहे." चिरंजीवांनी मोबाईलवरून क्षणभर मान वर केली आणि, "बाबा, हा तर लाटेचा इमोजी!" असा अभिप्राय देऊन मान पुन्हा खाली घातली.

नंतर जे बहुतेक घरांतल्या बहुतेक चित्रांचे होते तेच झाले. पंधरा दिवसांत ती दिसेनाशी झाली. म्हणजे भिंतीवर होती, पण आम्हाला दिसत नव्हती. पाहुणे यायचे, "छान आहेत हं," म्हणायचे आणि टीव्हीकडे तोंड करून बसायचे. सोफ्यावर बसणाऱ्याची चित्रांकडे पाठच असते. सोफ्याच्या वर चित्र लावण्यात हा एक मोठा दोष आहे आणि तो घर सजवणाऱ्या कुठल्याच तज्ज्ञाने सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

चार महिन्यांनी आई आली. तिचे मोतिबिंदूचे ऑपरेशन होते. आली तेव्हा दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसत होते. भिंतीकडे बघून म्हणाली, "निळं झाड छान आहे रे." आम्ही कोणी तिला दुरुस्त केले नाही. ऑपरेशन झाले. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी ती सोफ्यासमोरच्या खुर्चीत बसली, म्हणजे आमच्या घरात आजवर जिथे कोणीच बसले नव्हते तिथे, आणि नव्या भिंगाने एकेक वस्तू तपासायला लागली. पंख्यावरची धूळ झाली. सौ.चे नवे पडदे झाले. मग ती लाटेपाशी थांबली.

"अरे, यात माणसं आहेत!"

मी पेपर वाचत होतो. "असतील," म्हटलं.

"असतील काय? दोन होड्या आहेत. भरून माणसं आहेत. आणि ह्या इथं काठाला होडीची नाळ आलीय. बाकीची होडी कुठाय?"

मी उठलो, चष्मा लावला आणि चार महिने माझ्या मालकीच्या असलेल्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलो. आईचे बरोबर होते. लाटेच्या खाली लांबट, पिवळसर होड्या, त्यांत ओळीने वाकून बसलेली माणसे. मी आजवर त्यांना फेसाचाच काही भाग समजत होतो. आणि उजव्या काठाला खरोखरच एका होडीचे टोक तेवढे आत आले होते. जणू बाकीची होडी शेजाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये होती.

हिशेबात तूट निघाली की आमच्यासारख्या माणसाला झोप लागत नाही. त्या रात्री मी चिरंजीवांना कामाला लावले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्याकडच्या कितीतरी चित्रांच्या मोठ्या, स्वच्छ प्रती सर्वांना फुकट उतरवून घ्यायला खुल्या केल्या आहेत. त्यांत ही लाटही आहे. ती पडद्यावर उघडली आणि आमच्या भिंतीवरचा गैरव्यवहार उघडकीस आला.

मूळ चित्र आडवे आहे. आमचे उभे होते. उरलेली दोन चित्रे उभी, आणि सेट म्हटला की तिन्ही एका मापाची हवीत. म्हणून कोणीतरी लाटेला डावीउजवीकडून कापून उभे केले होते. उजवीकडून गेली तिसरी होडी. डावीकडून काय गेले असेल? डावीकडे वरच्या कोपऱ्यात एका चौकटीत चित्राचे नाव लिहिलेले आहे आणि त्याच्या शेजारी, वाचकहो, चित्रकाराची सही आहे! आमच्या लाटेवर सही नव्हती. बावीस वर्षे मी सही नसलेला चेक परत करत आलो, आणि माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच डोक्यावर, चार महिने बिनसहीचा कागद लटकत होता.

ती सही काय म्हणते, ते वाचून तर मी उठून पाणीच प्यालो. अर्थ असा, की हे चित्र 'पूर्वीचा होकुसाई, आता नाव बदलून इइत्सु' याच्या कुंचल्याचे आहे. म्हणजे नावात बदल! होकुसाईने (जन्म १७६०, मृत्यू १८४९) आयुष्यात तीसच्या वर नावे घेतली आणि सोडली. घरे त्र्याण्णव वेळा बदलली असे सांगतात. नवे घर घाण झाले की झाडण्याऐवजी तो ते सोडून जाई, अशी आख्यायिका आहे. या इसमाने आमच्या शाखेत खाते उघडायला अर्ज केला असता तर केवायसीची फाइल घेऊन मीच राजीनामा दिला असता.

पुढे वाचत गेलो तशी एकेक अनियमितता सापडू लागली. लाट ज्या मालिकेतली आहे तिचे नाव 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये'. चित्रे मोजली तर शेहेचाळीस. मालिका खपली, प्रकाशकाने आणखी दहा काढून घेतली, नाव तेच ठेवले. हिरोशिगेच्या 'तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामां'त चित्रे पंचावन्न, कारण निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण धरलेले नाही. आणि त्याच्याच 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये' या मालिकेत, जिच्यात आमचा पावसातला पूल येतो, त्याने काढलेली चित्रे एकशे अठरा आणि तो १८५८ साली वारल्यावर शिष्याने घातलेले एक. एकाही खात्याचा ताळा जुळत नाही! पण गंमत अशी, की सगळी तफावत गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे. बँकिंगमध्ये असे मी अजून पाहिलेले नाही.

ही चित्रे तयार कशी होत, ते कळल्यावर मात्र माझा आदर वाढला. तो चित्रकारापेक्षा खात्याच्या रचनेबद्दल. एका चित्रामागे चार माणसे. प्रकाशक भांडवल घाली. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरणारा ते रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथे चिकटवी आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. यात मूळ रेखाटन नष्ट होई. मग प्रत्येक रंगाचा निराळा ठसा, आणि कागद दर वेळी नेमक्या जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात खाच. शेवटी छापणारा ओलसर कागद ठशावर ठेवून गोल चकतीने पाठीमागून घासे. एकाचे काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही आमच्याकडे परिपत्रके काढून आणलेली पद्धत, तिथे दोनशे वर्षांपूर्वी चालू होती. आणि वरून सरकारी तपासनिसाचा शिक्का.

म्हणजे बघा, 'ओरिजिनल' असे काही उरतच नाही. लाटेच्या हजारो प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्या वेळी एक प्रत दोन वाडगे शेवयांच्या किमतीला मिळे. आज शंभराच्या थोड्या वर प्रती ठाऊक आहेत आणि २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांतली एक २७ लाख ६० हजार डॉलरना गेली. शेवयांवर इतका परतावा कोणत्याही मुदत ठेवीने दिलेला नाही.

तेव्हा 'आमच्याकडची नुसती कॉपी आहे हो' म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. होकुसाईच्या गिऱ्हाइकाकडेही कॉपीच होती. माझी तक्रार निराळी आहे. ती कागदावरची कॉपी होती आणि आपण कागद आहोत हे ती लपवत नव्हती. आमची कॅनव्हासवर आहे. ज्या चित्राचा तेलरंगाशी काडीचा संबंध नाही, त्यावर कापडाची वीण आणि वर चकाकी. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीसुद्धा तेलचित्राचा आव आणायच्या, पण त्यांचे मूळ निदान तेलचित्र तरी होते! हिरोशिगेच्या पावसाची प्रत्येक रेघ म्हणजे लाकडात केसाएवढी उंच ठेवलेली धार. दोन निरनिराळ्या तिरप्या दिशांनी पाऊस पडतो. वरचे काळे आभाळ छापणाऱ्याने ठशावरच रंग पुसत पुसत विरवत नेलेले. त्या पावसावर कापडाची उभी-आडवी जाळी चढवली की पाऊस थांबतो आणि गाळणी दिसायला लागते. शिवाय माप! खरी लाट किती मोठी असेल असे वाटते? सुमारे पंचवीस सेंटिमीटर बाय सदतीस. आमच्या अर्जाच्या कागदापेक्षा जरा मोठी. एवढ्याशा कागदावर मावलेली म्हणून ती प्रचंड वाटते. तिला ताणून तीन फूट केली की ती नुसती मोठी होते.

सौ.ला मी हे सगळे रात्रीच्या जेवणाला सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला सूट वजा करून आलेली वस्तू कधी आवडलीय?" मग मी तिला हेही सांगितले, की तिला हवा असलेला जपानी टच निम्मा जर्मन आहे. लाटेतला तो गर्द निळा बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेला रंग. तो जपानात बाहेरून आला आणि १८३०च्या सुमारास स्वस्त झाला, तेव्हा या मंडळींनी तो मनसोक्त वापरला. यावर ती काही बोलली नाही. आमटी मात्र पुन्हा वाढली नाही.

घर सजवायला ही चित्रे वापरणारे आपण पहिले नव्हे, एवढा दिलासा मला वाचनात मिळाला. फ्रान्समध्ये मोने याने आपल्या पिवळ्या जेवणघराच्या भिंती जपानी चित्रांनी भरून टाकल्या होत्या. व्हॅन गॉगने भावासह शेकड्यांनी चित्रे जमवली. १८८७ साली पॅरिसच्या एका कॅफेत त्यांचे प्रदर्शनही मांडले. आमच्या भिंतीवरच्या त्याच पावसाच्या पुलाची त्याने तेलरंगात नक्कल केली, आणि भोवती कडेने जपानी अक्षरे काढली, जी त्याला वाचता येत नव्हती. म्हणजे त्याने नसलेली अक्षरे शोभेसाठी घातली, आणि आमच्या सेटवाल्याने असलेली शोभेसाठी कापली. दोघांतला फरक ज्याने त्याने पाहावा. व्हॅन गॉगने निदान एकेक रेघ आपल्या हाताने ओढून पाहिली होती.

पुढच्या शनिवारी (दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी) मी म्युझियमची लाट जाड, बिनचकाकीच्या कागदावर बरोबर मूळ मापात छापून आणली. छापणाऱ्याने विचारले, "साहेब, ही डावीकडची चिनी अक्षरं काढू का? क्लीन दिसेल." मी त्याचा हात धरला. सोबत त्याच मालिकेतले आणखी एक चित्र छापून घेतले. त्यात एजिरी नावाच्या जागी रस्त्यावर अचानक वारा सुटला आहे. एका बाईच्या जवळचे कागद भराभर आकाशात चालले आहेत, कोणाची टोपी उडाली आहे, कोणी टोपी धरून वाकला आहे. मागे फुजी फक्त एका रेघेत. मार्चअखेरीला कोणीतरी पंखा पाचवर करतो आणि व्हाउचरे उडतात, ते दृश्य मी स्वतः अनेकदा अनुभवले आहे. बँकेच्या माणसाच्या भावना इतक्या नेमक्या पकडणारे दुसरे चित्र मला ठाऊक नाही. लाटेपेक्षा ते सरस आहे असे माझे मत झाले आहे. लाट प्रसिद्ध झाली तो तिचा दोष नव्हे, पण अभ्य्रावर गेल्यामुळे तिच्याकडे बघणे कठीण झाले, हेही खरे.

घरी येऊन कागद आईच्या हातात दिला. "ही घे तुझी तिसरी होडी."

तिने तो मांडीवर ठेवला. मग जेवणाच्या टेबलापाशी उजेडात नेला. किती वेळ बघत होती कोण जाणे. बोटाने होड्यांमधली डोकी मोजत होती. वीसच्या पुढे गेली आणि थांबली. मी माझे नवे ज्ञान पाजळले, की ह्या ताजी मासळी घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, बाजारात पळणाऱ्या वेगवान होड्या आहेत. ती म्हणाली, "मासळी असो नाहीतर काही असो. यांच्यातला एकही लाटेकडे बघत नाही, बघितलंस? सगळ्यांच्या माना खाली."

मी बघितले. खरेच एकही बघत नव्हता.

"बघायचीच नसते," ती म्हणाली. आणि मग तिने जे सांगितले ते मी सेहेचाळीस वर्षांत ऐकले नव्हते.

आईचे माहेर हर्णैच्या बाजूचे. तिचे वडील मुंबईला गिरणीत. तेव्हा कोकणातून मुंबईला जायचे ते आगबोटीने. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती आत समुद्रात उभी राही आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत नेत. आई सात-आठ वर्षांची असताना, म्हणजे १९५८च्या आसपास, गणपती आटोपल्यावर वडील तिला मुंबई दाखवायला घेऊन निघाले. समुद्र अजून शांत झालेला नव्हता. पडाव मध्यावर गेला आणि तांडेल ओरडला, "माना खाली घाला!" वडिलांनी तिचे डोके आपल्या मांडीत दाबून धरले. वरून काहीतरी गेले. थंडगार पाणी. पुन्हा काहीतरी गेले. एका बाईचे बोचके गेले, वडिलांची पत्र्याची ट्रंक गेली. माणसे सगळी राहिली.

"लाट मी बघितलीच नाही," आई म्हणाली. "मी बघितला तो त्यांच्या धोतराचा काठ. आणि त्यांचा हात एवढा जड कधी लागला नव्हता. पण आई धक्क्यावर उभी होती ना, तिनं सगळं बघितलं. ती म्हणायची, मला वाटलं आता संपलं. तिला एवढं काय वाटलं ते मला कधी समजलंच नाही. आम्ही तर बोटीवर जाऊन भजी खाल्ली."

तिने कागद जरा लांब धरला, नव्या डोळ्याने पाहिला.

"अशी दिसली असेल होय तिला."

मी काय बोलणार? सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. वर भिंतीवर तीन फुटी लाट तिच्या जागी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हते.

थोड्या वेळाने आईच म्हणाली, "पण ही रोज भिंतीवर कशाला? रोज बघायचं चित्र नाही हे. पोटात कालवतं. जिवतीचा कागद आपण बारा महिने लावतो का? दिव्यांच्या अवसेला लावायचा, श्रावण संपला की काढायचा. म्हणून तर वर्षानं पुन्हा बघताना वाटतं, अरे, नरसोबा या बाजूला होता काय!"

मी चाट पडलो. कारण नेमके तेच मी आदल्या रात्री मोठ्या इंग्रजी पुस्तकात वाचले होते. जपानी घरात ही चित्रे आपल्यासारखी काचेत घालून वर्षानुवर्षे टांगत नसत. टांगणार कुठे? निम्म्या भिंती म्हणजे सरकती कागदी दारे. खांबावर लावायला लांब, अरुंद चित्रे निराळी छापत. कोणी पडद्यांवर चिकटवत. पण बहुतेक चित्रे लोक हातात घेऊन बघत, शेजाऱ्याला दाखवत आणि पेटीत किंवा वहीत ठेवून देत. दिवाणखान्याच्या कोनाड्यात जी गुंडाळी लोंबते तीही ऋतू बदलला की बदलायची. शिवाय रंग कच्चे. उजेडात विटतात. म्युझियमेसुद्धा थोडे दिवस दाखवून अंधारात ठेवतात. हे सगळे वाचायला मला तीन रात्री लागल्या, आणि आमच्या घरात ते दर आषाढात दोन रुपयांच्या कागदावर चालू होते.

कॅनव्हास उतरवले. लाट मेहुण्याला दिली, अभ्य्राला जोड म्हणून. पाऊस आणि बाई यांचे गिऱ्हाईक अजून मिळालेले नाही. बाई सध्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आहे. ती काढणाऱ्या उतामारोला १८०४ साली नको त्या राज्यकर्त्याचे चित्र काढल्याबद्दल पन्नास दिवस हातात बेड्या घालून बसवले होते, तेव्हा तिला हे नवीन नाही. फ्रेमवाल्याकडून एकच साधी फ्रेम करून घेतली, मागून फळी सरकवून कागद बदलता येईल अशी. त्याने तीनदा विचारले, "बदलायचं कशाला? चांगलं आहे की." ती सोफ्याच्या वर न लावता समोर, आईच्या खुर्चीच्या उंचीला लावली. टीव्ही जरा डावीकडे सरकला. चिरंजीवांनी निषेध नोंदवला.

सध्या पावसाळा आहे, म्हणून पुलावर पाऊस चालू आहे, कागदावरचा, गाळणीशिवायचा. मार्चअखेरीला एजिरीचा वारा लावायचा असे ठरले आहे. नऊ फूट भिंत पुन्हा कोरी झाली असून सहा भोके बुजवायला पुट्टी आणलेली आहे. वास्तुवाले येऊन बघून गेले, समाधानाने मान डोलावली, आणि पुलावरची माणसे कोणत्या दिशेला पळताहेत हे विचारून गेले.

जपानहून परतलेल्या भाच्याने मध्यंतरी एक हजार येनची नवी नोट आणून दिली. २०२४च्या जुलैत निघालेली. एका बाजूला डॉक्टर कितासातो, १८९४ साली हाँगकाँगला जाऊन प्लेगच्या जंतूंच्या मागे लागलेला, आणि उलट बाजूला आपली लाट. आमचा हात सवयीने ती उजेडात धरून खुणा तपासायला गेला. खरी होती. जगातला कोणीही कारकून आता लाट मोजून देऊ शकतो. मी ती आईला दाखवली. ती म्हणाली, "फारच बारीक. डोकी मोजता येत नाहीत."

गावाला परत जाताना तिने कागदावरची लाट मागून घेतली. मी म्हटलं, "थांब, छोटी फ्रेम करून देतो."

"काचेत नको हं घालू," ती म्हणाली. तिने तो कागद मधोमध घडी न घालता जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला, आणि पिशवीत पोथीच्या खाली, कडक पाटीला लागून, आडवा सरकवला.